तुमच्या शब्दांत सांगा

३ मार्च
रुग्णमित्र व्हायचं शिक्षण सुरू! रिटायर झालेल्या बाईने गपचूप नातवंडांचे स्वेटर विणावेत. मी इस्पितळात पेशंटच्या बाजूने बोलायला शिकणार. वर्गात सगळ्या माझ्याच वयाच्या — काहींना सुनेने पाठवलंय, काही सुनेपासून पळून आल्यात. त्साय बाई शिकवतात. बोलायचं ते पेशंटशी, त्याला वगळून नातेवाइकांशी नाही. आणि डॉक्टर गेले की पेशंटला म्हणायचं, "काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

घरी नवऱ्याला, वेन-लुंगला, हे वाक्य म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "सू-चू, दुसऱ्याच्या वतीने बोलायला तुला शिकवणी कशाला? लग्नापासून माझ्या वतीने तूच बोलतेस!"

त्याला विनोद फार सुचतात. पोट दुखतं म्हणतो, पण तोंड चालूच.

१० मार्च
आज नाटक. त्साय बाई डॉक्टर, आम्ही पेशंट. बाकीच्या वाकून वाकून "सगळं तुमच्या हातात, डॉक्टर" म्हणत होत्या. खोट्या डॉक्टरपुढे! मी बाईंना असं फैलावर घेतलं की त्यांनी पाणी मागितलं. वर्गात पहिली मीच, दुसरं कोण?

१७ मार्च
वॉर्डात फेरी. एका आजोबांना कॅन्सर. मुलगी बाहेर रडते आणि आत जाऊन "साधा अल्सर आहे, बाबा" म्हणून हसते. आमच्या ताइनान शहरात सगळ्यांना अल्सरच होतो! मी तिला सुनावलं, "आजार त्यांचा आणि गुपित तुमचं?" वाक्य झकास जमलं. घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते.

२५ मार्च
वेन-लुंगचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी त्याला वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलाय. "त्यांना सांगायचं का? घरचे म्हणाल तसं."

वर्गात पहिली आलेली बाई काय म्हणाली? "नको, डॉक्टर. अल्सर म्हणा."

मुलाने फोनवर शाबासकीही दिली. "बरं केलंस, आई. बाबांनी हाय खाल्ली असती."

३१ मार्च
वर्गाला दांडी. त्साय बाईंना सर्दीचं कारण सांगितलं. हल्ली खोटं बोलणं छान जमतं.

२ एप्रिल
डुकराच्या चरबीदार मटणाचा भात केला. कोलेस्टेरॉलपायी या घरात त्याला कित्येक वर्षं बंदी. "आणखी वाढू?" मी विचारलं. एकदा नाही, तीनदा!

वेन-लुंगने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "अल्सरवाल्याला हे चालतं?"

"चालतं. डॉक्टरच म्हणाले."

त्याने वाडगा बाजूला सारला. आज विनोद नाही. फार भीती वाटते.

३ एप्रिल
सकाळी स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. माझा हात धरला. "डॉक्टर गेले. आता काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग."

सांगितलं. सगळं.

"पास," म्हणाला. हात मात्र सोडला नाही.