परत केलेले क्लॅरिनेट

मी, सेप्टिमस ॲव्हरेल, वय एकाहत्तर, हॅल्सकोम गावचा एकतीस वर्षे पाद्री आणि त्याहून जास्त वर्षे कवी, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पाय गेले आहेत, पण पायांनी कोणी सही करत नाही.

१. घर चर्चचे आहे, तेव्हा त्यावर कोणी डोळा ठेवू नये. पुस्तके, घड्याळ आणि शिल्लक असेल ते सर्व हेस्टर लगर हिला द्यावे. तिने तेवीस वर्षे माझे घर सांभाळले, माझ्या कविता ऐकल्या आणि जांभया लपवल्या नाहीत.

२. चर्चमध्ये बड्या घरांच्या राखीव बाकांना दारे असत, ती मी काढली, तेव्हा जमीनदार साहेब गरजले होते, "म्हणजे आता आम्ही गुराख्याशेजारी बसायचं?" बसले. ती दारे कोठारात आहेत, त्यांचीच माझी शवपेटी करावी. साहेबांचे दार झाकणाला वापरावे. लाकूड चांगले आहे.

३. वेदीवर मेणबत्त्या लावल्या, पांढरा झगा घालून उपदेश केला, म्हणून मी चिडलेल्या गावकऱ्यांची अंडी खाल्ली, तीही डोक्यावर. आमच्या चळवळीला या देशाच्या चर्चमध्ये जुनी भक्ती परत आणायची होती. माझी पत्रके आणि स्तोत्रे त्यासाठीच होती. काही मित्र पुढे रोमच्या कॅथलिक चर्चला जाऊन मिळाले, मी इथेच राहिलो. यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही.

४. एका गोष्टीचा आहे. त्याच जोमात मी चर्चचा सज्जा पाडला, त्यात वाजवणारा गावचा ताफा घरी बसवला आणि ऑर्गन आणला. लोहार जोएल टकेटने आपले क्लॅरिनेट माझ्या पायरीवर आणून टाकले. "गाणी तुम्हीच लिहा, वाजवाही तुम्हीच! आता चर्चात पाऊल टाकीन ते तुमच्या मयतालाच." बावीस वर्षे त्याने शब्द पाळला. माझे एक स्तोत्र आज देशभर ऑर्गनवर गातात. पहिल्यांदा ते त्याच्या क्लॅरिनेटवर वाजले होते, आणि तसे पुन्हा मी कधी ऐकले नाही. मी चुकलो, जोएल.

५. क्लॅरिनेट त्याच्या नावे करणार होतो. पण कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि वरची कबुली वाचून साक्ष त्यानेच घालावी अशी माझी इच्छा. म्हणून आज निरोप धाडून त्याला बोलावले आणि ते त्याच्या हातात दिले. मयताला तो येणारच आहे, तेव्हा रिकाम्या हाताने येऊ नये, एवढीच विनंती.

हॅल्सकोम, डेव्हन. ९ ऑक्टोबर १८६६.
सही: सेप्टिमस ॲव्हरेल

साक्षीदार:
ॲम्ब्रोज पिंकम, डॉक्टर.
जोएल टकेट, लोहार. सगळं वाचलं. क्लॅरिनेटची फुंकायची पत्ती सुकून फुटली आहे, नवी यायला महिना लागेल. तोवर मरू नका, पाद्रीबाबा.