आधी ताईचे फेडले

३ मार्च, सोमवार

गेलो एकदाचा! जिना चढताना दोनदा मागे फिरलो. पाटीवर केवढ्या अक्षरांत 'दिवाळखोरी सल्ला' — जरा बारीक लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? समोरच्या बसस्टॉपवरून कुणीही वाचावं!

वकीलबाई माझ्या निम्म्या वयाच्या. कागद नाकाला लावून वाचतात. नंबर वाढलाय, नक्की. रस्त्यापलीकडून चालणाऱ्या माणसाचा नंबर बदललेला मला इथून कळतो. सव्वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलंय, एवढं एकच येतं. ते सुखाने करायचं सोडून मॉलमध्ये दुसरं दुकान काढायची अवदसा आठवली! कर्ज काढून. माणसं यायची, फ्रेम घालून आरशात बघायची, ठेवून जायची.

बाईंनी दीड तास ऐकून घेतलं. एकदाही 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. मला त्याचाच राग आला. शेवटी म्हणाल्या, "मार्ग आहे. पण यादी करून आणा. घरातली, दुकानातली प्रत्येक वस्तू. कुणाचं किती देणं, कुणाला किती दिलं, सगळं." फी हप्त्याने घेतील. हप्ते थकले म्हणून इथे आलो, तर इथेही हप्ता!

४ मार्च

यादी. मिक्सर एक. पंखे चार, त्यातला एक नुसताच लटकतो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "माझी करपलेली पातेली पण लिहा हो!" दोघंही हसलो. मग ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

६ मार्च, गुरुवार

डोकं फिरलंय.

बाईंनी यादी वाचली. "दुकान चष्म्याचं, आणि यादीत काच घासायचं मशीनच नाही?"

विकलं, म्हटलं. चौकातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याला, गेल्या महिन्यात.

"का विकलंत? ज्यावर पोट चालतं ते अवजार सहसा काढून घेत नाहीत. तेवढं तरी तुमच्याकडे राहिलं असतं."

आता सांगतायत!

"आणि ते पैसे?"

मी छाती पुढे काढून सांगितलं — आधी ताईचे फेडले. मॉलच्या दुकानासाठी तिने शिवणकाम करून साठवलेलं सगळं मला दिलं होतं. भाऊजी गेल्यावर तेवढंच होतं तिच्याजवळ. बँकेचं काय, बँक जगेल.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इथेच चुकलात. बाकीच्यांना डावलून घरच्या माणसाला दिलेले पैसे कोर्ट परत मागू शकतं. ताईंकडून."

मी ताडकन उठलो. मग लिहूच नका ना! कुणाला कळतंय?

"मला कळलंय. लपवायचं असेल तर दुसरा वकील बघा."

पाय आपटत जिना उतरलो. पाटीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. खरं तर त्या मलाच घालायला हव्यात. महिनाभर आधी आलो असतो तर मशीनही राहिलं असतं आणि ताईच्या मागे हे झेंगटही लागलं नसतं. पण लाज! लोक काय म्हणतील! तोंड लपवून घरात बसलो आणि स्वतःच्या अकलेने निर्णय घेतले.

७ मार्च

ताईला फोन केला नाही.

८ मार्च

आजही नाही.

११ मार्च, मंगळवार

केला. उचलल्याबरोबर तीच म्हणाली, "माझ्या चष्म्याचं कधी बघतोस रे?" मी खेकसलो, "इथे घर बुडतंय आणि तुला चष्मा सुचतोय!" मग सगळं सांगितलं. ते पैसे परत द्यावे लागतील बहुतेक. बाजूला ठेव, हात लावू नकोस.

तिने सरळ सांगून टाकलं,

"पैसे नाहीत माझ्याजवळ."

"नाहीत म्हणजे? महिन्यात उडवलेस?"

"नाहीत म्हटलं ना. विचारू नकोस."

मग माझी जीभ सुटली. भाच्याने उकळले असतील, तुला त्याला नाही म्हणता येत नाही, आयुष्यभर अशीच भोळसट राहिलीस — आणखीही बरंच, ते इथे लिहवत नाही. तिने फोन ठेवून दिला. ताई कधी आधी फोन ठेवत नाही. कंटाळून मलाच ठेवावा लागतो.

ही म्हणाली, "मोठ्या बहिणीशी असं बोलतात?" आणि माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

१३ मार्च

बाईंकडे. ताईचं नाव माझ्या हाताने लिहिलं. तारीख, रक्कम. पोलिसात तक्रार देतोय असं वाटलं. बाई म्हणाल्या, "खरं आहे ते कोर्टापुढे मांडू. फक्त पैसे कुठे गेले ते ताईंना विचारून या." मी विचारू? माझ्याशी ती बोलेल तर ना!

वर म्हणाल्या, चष्म्याची काडी सैल झालीय, बघता का? छोटा स्क्रू-ड्रायव्हर खिशात असतोच. घट्ट करून दिली. नंबर वाढलाय हेही ऐकवलं. "हो का? तपासून घेते," म्हणाल्या आणि लिहून घेतलं. महिन्याभरात कुणीतरी माझं पहिल्यांदा ऐकलं.

१५ मार्च, शनिवार

ताईचा फोन. मला नाही, हिला. "त्याला म्हणावं, पैसे कुठे गेले ते ये आणि डोळ्यांनी बघ."

जाणार नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

१६ मार्च, रविवार

ताईच्या मागच्या खोलीत, जुन्या चादरीखाली — माझं मशीन! डाव्या कोपऱ्याला पोचा आहे, तेच. चौकातल्या चष्मेवाल्याशी दोन दिवस भांडून, मी फेडलेले पैसे मोजून तिने परत आणलंय. बिल माझ्या नावावर, म्हणजे मशीन पुन्हा माझंच. त्या पोच्यावरून हात फिरवता फिरवता माझे डोळे वाहायला लागले. ताई म्हणाली, "रडतोस काय? आधी माझा नंबर काढ. सहा महिने झाले, काडी दोऱ्याने बांधून फिरतेय मी."