मधली खोली आणि तिची भिंत

मी, या कागदाच्या शेवटी अंगठा उठवणारी, वय अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी (जन्मले तेव्हा लिहून ठेवणारं कुणी नव्हतं), काम पूर्वी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुण्याचं, सध्या खिडकीत बसण्याचं, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते आहे. लिहून घेतायत तळमजल्यावरच्या वकीलबाई. मी बोलेन तसं लिहायचं, गाळायचं नाही, हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतलंय. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला कानाच्या डॉक्टरांनी दिला आहे. डोक्याचे डॉक्टर माझ्या ओळखीचे नाहीत.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचं माझं तीन खोल्यांचं घर माझ्या एकुलत्या एका लेकाला मिळावं. तो विमानाने जावं लागेल इतका लांब राहतो. दर रविवारी फोन करतो. धुलाईघरातल्या यंत्रांनी माझ्या कानातले बारीक आवाज खाल्ले, जाड तेवढे ठेवले. लेकाचा आवाज बापावर गेलेला, बारीक. तेव्हा तो बोलतो आणि मी अंदाजाने "हो हो, जेवले" म्हणते. एकदा म्हणे तो सून आजारी असल्याचं सांगत होता, आणि मी "बरं झालं" म्हणाले. सूनबाई, ते कानाने केलं, मी नाही. तरी माझ्या दोन्ही बांगड्या तुला, म्हणजे मिटलं.

कलम २. कपाटातल्या बारा पांढऱ्या चादरी शेजारपाजारी वाटाव्यात. जाऊबाईंना देऊ नयेत. वकीलबाई म्हणतात, कारण घालायला हवं. नको. जाऊबाईंना ठाऊक आहे.

कलम ३. आमच्या ह्यांचा चष्मा. हे रोज सकाळी मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, मला शिकवा की. तर म्हणायचे, "तुला कशाला? मी आहे ना." मग एके दिवशी ते नव्हते. पेपर मात्र मी चालू ठेवला. रोज खिडकीत उघडून बसते, पानं उलटते, मान हलवते. मला अक्षर येत नाही हे या इमारतीत आजवर कुणालाच कळलं नव्हतं, वकीलबाईंना कळलं तेही आज, नाइलाजाने. चष्मा माझ्याबरोबर द्यावा. वर गाठ पडली तर मला त्यांच्याशी थोडं बोलायचंय.

कलम ४. मधली खोली. हे सावकाश लिहा.

या खोलीची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. त्या घरात दीड वर्षं कॉलेजातली एक पोर भाड्याने राहत होती. पहिल्यांदा जिन्यात भेटली तेव्हा तिच्या पाठीवर तिच्याहून उंच पिशवी होती. मी विचारलं, "काय गं, नवरा पळवून आणलास की काय?"

"नवरा नाही आजी, बेस गिटार. चार तारांची."

"तुझं ऐकते?"

"कधीकधी."

"मग नवरा नव्हे."

ती हसली. मग हळूच म्हणाली (माणूस समोर असलं की मी ओठांवरून टिपते), आधीच्या घरातून याच वाजवण्यापायी मला काढलं. तुम्हाला त्रास झाला तर लगेच सांगा हं.

संध्याकाळी पाच ते सात ती वाजवायची. आवाज जाड, माझ्या वाटचा. तीन वर्षांत घराची बेल मला ऐकू आली नव्हती, पण हे ऐकू यायचं. ऐकू यायचं म्हणजे, भिंतीला पाठ लावून बसलं की मणक्यातून वर चढायचं. धुलाईघरात यंत्रावर हात ठेवून कुठला पट्टा सैल झालाय ते मी सांगायचे, तसाच इथे हात ठेवला. एकच तुकडा ती पुन्हापुन्हा घ्यायची. आधी सावकाश, मग जरा भरभर. चौथ्या वळणावर दर खेपेला घाई करायची आणि घसरायची. थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. मी इकडे म्हणायचे, अगं, दम धर. अकरा दिवस आमचं दोघींचं ते वळण चुकलं. बाराव्या दिवशी बरोबर आलं. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरातून लाटणं आणून मी भिंतीवर तीन दणके दिले.

पलीकडे सगळं गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आत आली. कुणाकडे वाचायला न्यावी तर माझं पितळ उघडं पडणार. चिठ्ठी मी उशीच्या अभ्र्यात ठेवली. पोरगी कानाला ते हेडफोन लावून वाजवू लागली, म्हणजे तिचं तिलाच ऐकू येणार. मी भिंतीला पाठ लावून पाच ते सात बसायचे. भिंत थंड असायची. जिन्यात भेटली की ती मान खाली घालायची. मला वाटलं, म्हातारीने ठोकलं याचा राग आला असेल. मीही बोलले नाही. माझंही नाक काही लहान नाही. दोन महिन्यांपूर्वी ती सामान घेऊन गेली.

ती चिठ्ठी आज वकीलबाईंनी वाचली. दोनदा, माझ्या डाव्या कानाशी, जाड आवाजात. अशी: "आजी, माफ करा. फक्त पाच ते सहा वाजवलं तर चालेल का? चालत असेल तर भिंतीवर एकदा ठोका. ठोकलं नाहीत तर मी समजून घेईन."

मी सात महिने ठोकलं नाही.

वॉचमन सांगतो, ती आता होस्टेलला आहे. एका खोलीत चौघी. तिथे वाजवायला बंदी, गिटार पलंगाखाली पडून आहे आणि परीक्षा तर वाजवण्याचीच आहे. म्हणून माझी इच्छा अशी की ~~माझ्या पश्चात~~ आजपासून मधली खोली त्या पोरीकडे राहावी. तिने तिथे राहावं, पाच ते सात मोठ्याने वाजवावं, आणि तिचं शिक्षण होईतो लेकाने घर विकू नये. कुणी तक्रार केली तर त्यांना सांगावं की घरमालकिणीची परवानगी आहे. दणके आनंदाचे होते, हेही तिला सांगावं.

हे कलम मी आधी वेगळं सांगितलं होतं. वकीलबाई लिहितालिहिता थांबल्या.

"आजी, तिची परीक्षा वर्षभरात होईल. तोवर तुम्ही जाणार आहात का?"

"तसा काही बेत नाही."

"मग ही खोली तिच्या काय कामाची? किल्ली आत्ताच पाठवा की."

मी म्हटलं, बाई, मेल्यावर ती नाही म्हणाली तर मला ऐकू येणार नाही.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. चहा निवला. शेजारच्या घरात आता एक सभ्य जोडपं आलंय, त्यांचा काडीचाही आवाज नसतो. मी म्हटलं, खोडा.

खाडाखोडीबाबत: कलम चारमधले दोन शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून त्यापुढे एक शब्द लिहिला आहे. किल्ली वकीलबाई उद्या सकाळी होस्टेलवर नेतील. पोरगी नाही म्हणाली तर त्यांनी ते मला फोनवर सांगू नये. घरी यावं, समोर बसून सावकाश सांगावं, म्हणजे मला ओठ दिसतील.

साक्षीदार पहिले: दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी (सही).
साक्षीदार दुसरे: कानाचे डॉक्टर (सही. ही वाचता न येणारी मी एकटी नाही).
स्थळ: मधली खोली.
तारीख: वकीलबाई घालतील ती.
अंगठे: दोन. एक इथे, एक खोडलेल्या शब्दांच्या शेजारी.