खुंटीवरचा मास्क

सोमवार, संध्याकाळ

कल्याणी नांदेडहून सुट्टीला आली ती डोळे चोळतच. इथल्या लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "विद्यापीठात दिवसभर मास्क? अगं, श्वास वरून डोळ्यांवर येतो, डोळे कोरडे पडतात. सोड तो आता."

मास्क कशासाठी, ते आम्हां दोघींनाच ठाऊक. ओठाजवळचा पांढरा डाग. ज्वारीच्या दाण्याएवढा तर आहे! त्यात लपवायचं काय, असं मीच तिला किती वेळा सांगितलंय.

दवाखान्यातून घरी येताच तिनं मास्क खुंटीला टांगला. "बघू दे आई, कुणाला बघायचं ते."

मला भरून आलं. तेवढ्यात दारातून शेजारच्या काकूंची हाक, "आली का गं लेक? बघू तरी!"

कल्याणी हसत उठली. खुंटीवरचा मास्क काढून तिच्यापुढे धरणारा हात माझा होता. का केलं मी असं?

तिनं तो लावला.