'झालं'चा डबा

प्रिय ॲस्ट्रिड,

तळ्यावरचा बर्फ अजून घट्ट आहे. एवढ्या थंडीतही कोंबड्या अंडी देताहेत आणि ती गोळा करते तुझी भाची, आपली लिनिया. पटत नाही ना? तूच म्हणायचीस, "अगं, पोरीला मोज्याची शिवणसुद्धा टोचते, ती खुराड्यात काय जाणार!"

जमलं ते फोटोंमुळे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिचा दिवस ओळीने चिकटवलेला असतो: बूट, टोपली, खुराडं, आणि शेजारी आजोबा, म्हणजे आपले बाबा, आणि मी. काम संपलं की त्याचा फोटो भिंतीवरून काढून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा आणि 'झालं' म्हणायचं. पुढे काय ते दिसत असलं की ती बिथरत नाही. बाबा आधी मला हसायचे, "ही नात आहे की रेल्वेचं वेळापत्रक?" मग तेच रोज तिचा हात धरून निघायला लागले. आधी नुसतं दारापर्यंत. मग आत. मग एक अंडं, बाबांच्या हातमोज्यातून तिच्या तळहातावर.

बाबा गेले त्याच्या आदल्या सकाळचं तुला सांगितलं नव्हतं. तिने टोपली डब्यात टाकली, खुराडं टाकलं आणि बाबांचा फोटोही टाकला. माणसांचे फोटो ती भिंतीवरून कधी काढत नसे. बाबा समोरच कॉफी पीत होते. "घ्या! आम्हाला काढलं मोडीत," म्हणत ठसका लागेस्तोवर हसले. मी फोटो परत लावला. तिने पुन्हा काढला, अगदी शांतपणे, दूध फ्रिजमध्ये ठेवावं तसा.

आता ती एकटी जाते. डावा हात मात्र जरा वर असतो, कुणीतरी धरल्यासारखा.

परवा जेवणं झाल्यावर तिने भिंतीवरून ताटलीचा फोटो काढला आणि मग माझा. 'झालं' म्हणाली. मी परत लावला. काल पुन्हा तेच. डॉक्टरांकडे जाऊन आले. काही सापडलं नाही. बाबांच्या वेळीही सापडलं नव्हतं.

म्हणून लिहितेय. रोजच्या दिवसात नवं माणूस तिला एकदम चालत नाही, आधी पुष्कळ दिवस भिंतीवर दिसावं लागतं. तुझा एक फोटो पाठव. चष्मा लावलेला, केस नेहमीसारखे बांधलेले. येशील तेव्हाही तशीच ये. भिंतीवर माझ्या फोटोशेजारी मी जागा मोकळी ठेवली आहे. लिनिया येता-जाता तिथे बोट टेकवून बघते.

तुझीच, अजून भिंतीवर असलेली,
कारिन