कापलेले श्वास

३ फेब्रुवारी, बावडा
पोचले एकदाची. बारामतीहून एसटीत स्पीकर मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टर म्हणाला, ह्याचंबी तिकीट काढा. काम झकास आहे. दिवंगत गायिका संजीवनीबाईंच्या अडतीस जुन्या टेप कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि खरखर काढून स्वच्छ करायच्या. ख्याल, अभंग, सगळं. बाईंच्या शिष्या मुक्तामावशी इथं एकट्याच टेप सांभाळत राहतात. आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, अफशीन, लई वाळलीस गं.

५ फेब्रुवारी
काय आवाज आहे बाईंचा, अंगावर काटा येतो. पण दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतात तो केवढा मोठा ऐकू येतो. मी सगळे श्वास कापून टाकले. मावशींना ऐकवलं तर म्हणाल्या, पहिलं वर्षभर बाईंनी मला सूर लावू दिला न्हाय, नुसता श्वास शिकवला, तेवढा ऱ्हाऊ दे. मी हो म्हणाले आणि कापत राहिले. आमच्या कामात अशी हळवी माणसं भेटायचीच.

९ फेब्रुवारी
वीस टेप झाल्या. गच्चीवर ओढणी वाळत घालायला निघाले तर चौथ्या पायरीवर धाप लागली, खालीच बसले. इंदापूरचे डॉक्टर म्हणतात छाती ठणठणीत आहे. मेलं काय होतंय कळत नाही.

११ फेब्रुवारी
साफ केलेल्या टेप ऐकल्या. कापलेल्या प्रत्येक जागी पुन्हा श्वास आहे. बाईंचा नाही. चोंदलेल्या नाकाचा, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. अम्मी लहानपणापासून ह्याच शिट्टीवरून मला चिडवते. तो माझा आहे.

१२ फेब्रुवारी, सकाळ
बाईंचे श्वास परत जोडावेत म्हणून मूळ टेप लावल्या. त्यांच्यातूनही गेलेत. मावशी रडल्या. म्हणाल्या, गाणाऱ्याला श्वास लागतोच पोरी, कुठनं तरी घेणारच. मला फार भीती वाटतेय.

दुपार
मशीनची वायर उपटली. गाणं चालूच —
बाई श्वास घेतात तेव्हा माझी छाती रिकामी होते. सूर सुटेपर्यंत मला घेताच —
मावशींना विचारलं, किती राहिलं. एकच अभंग, म्हणाल्या. पण शेवटचा सूर बाई फार लांबवायच्या, लोक घड्याळ लावून —
तो सूर लागला. मावशी माझा हात धरून मोजतायत. तीस — पन्नास — बाई अजून —