मास्तरांचा शब्द

प्रिय ताई,

शिलाईखात्यात आपली मशीनं शेजारी होती, तेव्हा तुझी दिवसभर बडबड चालायची. कॉलर लावता लावता तू आपल्या खात्याच्या मास्तरांची नक्कल करायचीस आणि हसू दाबताना माझी शिवण वाकडी जायची. ते दिवस फार आठवतात गं.

मग बिघडलेल्या मशीनवर एका बाईच्या बोटात सुई घुसली. चूक तिचीच, असं मास्तरांनी लिहून आणलेल्या कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. तू केली नाहीस. मास्तर ओरडले, "हिच्याशी कुणी बोलायचं नाही!"

मी, तुझी सख्खी बहीण, महिनाभर बोलले नाही. घरीसुद्धा. "अगं, माझं काय चुकलं?" तू विचारायचीस आणि मी मान खाली घालायचे. शेवटी तू काम सोडलंस, गावही सोडलंस.

काल म्हातारे मास्तर दवाखान्यात भेटले. तुझा विषय निघताच म्हणाले, "रागाच्या भरात बोललो होतो गं. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेलो. तुम्ही एवढं मनावर कशाला घेतलंत?"

त्यांना एकदा विचारावं, हे मला सुचलंच नाही, ताई. खरं सांगू? त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मला काही ठरवावं लागत नव्हतं.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू लगेच माफ करशील.

तुझीच,
धाकटी